चाळिशीनंतरची धाव आणि गुडघ्यांची फिर्याद

चाळिशी उलटल्यावर ज्याला धावण्याची हौस लागते, त्याची अशी भाबडी समजूत असते की छातीचा भाता चालू लागला म्हणजे पायही तयार झाले. वस्तुस्थिती मात्र अशी की, हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांतच नव्या श्रमाला सरावतात, परंतु कंडरा आणि हाडांच्या टोकांवरील कूर्चा यांना त्याच श्रमासाठी कित्येक महिने लागतात, आणि या दोन मुदतींच्या अंतरातच बहुतेक गुडघेदुखीचा उगम असतो.

ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या प्रवेशद्वाराशी, इरई जलाशयाच्या काठी वसलेल्या मोहर्लीत हे अंतर अधिकच जाचक ठरावे अशी परिस्थिती आहे. पहाटेचा अंधार व तिन्हीसांजा हा वाघ-बिबट्यांच्या संचाराचा समय, म्हणून उजाडल्यावाचून पद्मापूरच्या रस्त्याला एकट्याने लागणे शहाणपणाचे नव्हे. आणि उन्हाळ्यात, चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा, उजाडल्यानंतर थोड्याच वेळात उन्हाचा अंमल सुरू होतो. पुढे पावसाळा आणि शेतीची निकड. धावायला राहता राहिला तो हिवाळा; तेव्हा मधले महिने खंड पडलेला मनुष्य नोव्हेंबरात एकदम गतवर्षीच्या अंतरावर रुजू होतो, आणि लवकरच ‘टोंगळे धरले’ ही तक्रार कानी येऊ लागते. तो जिप्सीचा चालक किंवा मार्गदर्शक असला, तर सफारीच्या फेऱ्यांत तासन्‌तास गुडघे दुमडून बसण्याची त्यात भर पडते.

ही वेदना बहुधा वाटीच्या मागे किंवा भोवताली असते. जिना उतरताना, उकिडवे बसताना आणि बराच वेळ बसून उठताना ती विशेष जाणवते. मांडीचे पुढचे स्नायू व नितंबांचे स्नायू दुर्बल असले, म्हणजे त्यांनी उचलावयाचा भार वाटीच्या सांध्यावर येतो. परंतु यावरून धावण्याने गुडघा झिजतो असा निकाल देण्याची घाई करू नये. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. दाब पडतो व सुटतो त्या क्रियेतच सांध्यातील द्रवातून तिचे पोषण होते. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध झाले, त्यात गुडघा किंवा खुब्याची संधिझीज हौशी धावकांत शेकडा ३.५, तर न धावणाऱ्या बैठ्या लोकांत शेकडा १०.२ आढळली, स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत मात्र ती शेकडा १३.३ होती. अर्थात दोष धावण्याचा नसून प्रमाणाचा आहे.

म्हणून उपायही प्रमाणाचाच. प्रारंभी चालणे व हळू धावणे आलटून पालटून करावे, दोन धावांमध्ये एक दिवसाचा विसावा ठेवावा, पावले आखूड व जलद टाकावीत. पावलांची गती शेकडा ५ ते १० वाढविली असता गुडघ्यावरील भार कमी होतो, असे प्रयोगांती आढळले आहे. सौम्य दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत शमत असेल तर बेत चालू ठेवण्यास हरकत नाही. ते टिकले किंवा वाढले तर अंतर कमी करावे, परंतु अंथरूण धरू नये. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे हे मात्र सर्वथा त्याज्य, कारण तिने इशारा दडपला जातो आणि उन्हात पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडांसही अपाय संभवतो.

चालणे हा हलका उपाय समजू नये. वनरक्षकाच्या निवडीत धावण्याखेरीज चालण्याचीही परीक्षा असते, आणि पुरुषांस ४ तासांत २५ किलोमीटर चालून दाखवावे लागते. नियतक्षेत्रातील पायी गस्तीसाठी हेच बळ कामी येते. साठी ओलांडल्यावर बारामतीची धावण्याची स्पर्धा नऊवारीत जिंकणाऱ्या लता भगवान करे यांच्या पाठीशीही शेतमजुरीचे कष्टाचे आयुष्य होते.

तरीही प्रत्येक गुडघेदुखी धावण्याच्या खात्यावर मांडू नये. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक असून दीर्घकाळ तसे पाणी पिण्याने सांधे आखडतात. या पट्ट्यात सिकलसेलचा आजारही आढळतो, आणि त्यात हाडे व सांधे तीव्र दुखतात. गुडघा सुजला, अडकला, भार पडताच लचकू लागला, रात्रीही ठणकू लागला किंवा सोबत ताप आला, तर विलंब न लावता वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

अशी लक्षणे नसतील, तर नोव्हेंबराची तयारी नोव्हेंबरात करू नये. जुलै ते सप्टेंबर गाभाक्षेत्रातील पर्यटन बंद असते. त्या दिवसांत शेतीच्या कामांतून सवड काढून घराच्या पडवीत खुर्चीवरून सावकाश उठबस, पायरीवर चढउतार आणि कुशीवर निजून पाय उचलणे एवढा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा केला, तर हिवाळ्याच्या आरंभी फुप्फुसांच्या उत्साहाला साथ देण्याइतके बळ मांड्यांत आलेले असेल.