संगणकाची नाडीपरीक्षा

माळ्यावर अथवा कोपऱ्यांतल्या टेबलावर कापड पांघरून ठेवलेला एखादा जुना संगणक पुष्कळ घरांत असतो. मुलांनीं तो टाकून दिलेला असला, तरी त्याच्या पोटांत वडील माणसांचे हिशेब, लग्नामुंजींचीं छायाचित्रें, आजोबांनीं चिकाटीनें टाइप केलेली कुलवृत्तांताची एकुलती एक प्रत, असें काय काय पडलेलें असतें. तो एके दिवशीं सुरू होईनासा झाला, म्हणजे घरांत लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, भंगारांत घाला. दुसरा म्हणतो, दुरुस्तीला पाठवा. आमचें म्हणणें असें कीं, या वादापूर्वीं खुद्द त्या यंत्रालाच काय होतें तें विचारावें.

इ. स. १९८१ सालीं आयबीएम कंपनीनें आपला 'पर्सनल काँप्युटर' विक्रीस काढला, त्यांतच ही सोय होती. वीज चालू होतांच, दुसरें कोणतेंही काम हातीं घेण्यापूर्वीं, यंत्र आपली रॅम, कळफलक आणि पडद्याची जोडणी तपासून पाहतें. या तपासणीस इंग्रजींत 'पोस्ट' म्हणतात. टपालाशीं तिचा कांहीं संबंध नाहीं! तिचा कार्यक्रम मदरबोर्डवरील एका चिपमध्यें भरलेला असल्यामुळें हार्ड डिस्क निकामी झाली तरी तो चालतो. पण पडदाच काळा असेल तर यंत्र बोलणार कसें? त्यासाठीं 'बीप' असा आवाज योजलेला आहे. आयबीएमच्या त्या यंत्रांत एक लघु आवाज म्हणजे सर्व क्षेम. एक गुरु व त्यामागून दोन लघु म्हणजे पडद्याच्या जोडणींत दोष. वृत्तें पाठ केलेल्या वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, हा भगण झाला. पुढें निरनिराळ्या कंपन्यांनीं हे गण आपआपल्या मर्जीप्रमाणें बदलले. म्हणून आवाज मोजून कागदावर टिपावे आणि त्याच बनावटीच्या माहितीपुस्तकाशीं ताडून पाहावे. अंदाजानें अर्थ लावूं नये. डेलच्या कांहीं जुन्या संगणकांत आवाजाच्या जोडीला ए, बी, सी, डी अशा चार दिव्यांचीही खूण असे.

याहून सविस्तर तपासणी पुष्कळ यंत्रांत असते, परंतु ती आपण होऊन पुढें येत नाहीं. डेलच्या अनेक यंत्रांत वीज देतांच 'एफ १२' ही कळ दाबीत राहिलें, म्हणजे निघणाऱ्या यादींत 'डायग्नॉस्टिक्स' हा शब्द सांपडतो. एचपीच्या पुष्कळ यंत्रांत आधीं 'एस्केप' व मग 'एफ २'. इंटेलची चिप असलेल्या मॅकमध्यें 'डी' दाबून धरावी. कांहीं जुन्या डेल यंत्रांत ही सामग्री हार्ड डिस्कच्याच एका निराळ्या कप्प्यांत असे. घरांतल्या हौशी मंडळींनीं सगळी डिस्क पुसून नवी विंडोज घातली, कीं रोग्याबरोबर वैद्यही गेलाच! अशा वेळीं निदान रॅमपुरती तरी सोय राहते. २००७ सालच्या व्हिस्टापासून विंडोजबरोबर रॅमची तपासणी येते.

उत्तर मिळाल्यावर काय करावें? रॅमचा दोष निघाला, तर वीज तोडून, प्लग काढून, तिची पट्टी सावकाश बाहेर घ्यावी, कडा पुसावी आणि पुन्हां घट्ट बसवावी. कित्येकदां एवढ्यानेंच काम भागतें. दर वेळीं घड्याळ मागें जात असेल, तर बहुधा मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपलेला असतो. डिस्कचा दोष निघाला मात्र तर खात्रीसाठीं तीच तपासणी पुनः पुनः करीत बसूं नये. मरणोन्मुख डिस्कला तेवढे श्रमही सोसत नाहींत. यंत्र चालतें आहे तोंवर आधीं छायाचित्रें व कागदपत्रें दुसरीकडे उतरून घ्यावीं.

तपासणींत कांहीं न आढळणें म्हणजे यंत्र निर्दोष, असें मात्र नव्हे. तापल्यावर तासाभरानें उद्भवणारा दोष थंड यंत्राच्या पांच मिनिटांच्या परीक्षेंत सहसा सांपडत नाहीं. पडद्यावर दोषाचा जो आंकडा उमटेल, तो जसाच्या तसा वहींत उतरून घ्यावा आणि कारागिराकडे जातांना ती वही बरोबर न्यावी.