जळगावचा आवाज धुळ्यात: पल्स मॉड्युलेशन नेमकं कशासाठी?

पीएएम, पीडब्ल्यूएम, पीपीएम, पीसीएम ही चार नावं आपण सगळेच पाठ करतो. ती का आली, हे मात्र राहून जातं.

समजा, जळगावहून सुमारे ९० किलोमीटरवरच्या धुळ्याला रेडिओ लहरींवरून आवाज पाठवायचाय. वाटेत एरंडोल आणि पारोळ्याला टॉवर. ॲनालॉग पद्धतीत प्रत्येक टॉवर सिग्नल मोठा करतो, पण सोबतची खरखरही तेवढीच मोठी करतो. धुळ्यापर्यंत ती साचत जाते.

पल्स पद्धतीत सलग लहर न पाठवता ठरावीक वेळाने तिचे नमुने घेतात. नमुन्याचं मूल्य पल्सच्या उंचीत ठेवलं तर पीएएम, रुंदीत ठेवलं तर पीडब्ल्यूएम, जागेत ठेवलं तर पीपीएम. ॲलेक रीव्ह्ज यांनी १९३७ मध्ये वेगळा विचार केला: नमुन्याला सरळ आकडाच द्यायचा. हेच पीसीएम.

टेलिफोनचं गणित बघा. आवाज ३४०० हर्ट्झपर्यंत, म्हणून सेकंदाला ८००० नमुने. प्रत्येकाला ८ बिट, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. या बिटांप्रमाणे रेडिओचा कॅरिअर बदलत जातो. एरंडोलच्या टॉवरला आता फक्त शून्य की एक, एवढंच ओळखायचंय. ओळखलं की तो कोरी पल्स तयार करून पुढे पाठवतो. खरखर मर्यादेत असेल तर ती तिथेच संपते.

हे फुकट मिळत नाही. बँडविड्थ जास्त लागते, आणि नमुना जवळच्या आकड्यात बसवताना झालेली चूक कायमची राहते.

आता माझी फजिती. प्रयोगात ८००० च्या दराने नमुने घेत होतो. पडद्यावर ३००० हर्ट्झचा ठळक सूर दिसला. नवीन काहीतरी सापडलं म्हणून दोन आठवडे त्यामागे घालवले, मार्गदर्शकांसाठी आलेखही काढले. प्रत्यक्षात शेजारच्या सर्किटमधून ५००० हर्ट्झचा सूर येत होता. नमुन्यांचा दर त्याच्या दुपटीपेक्षा कमी, म्हणून तो ८००० वजा ५००० असा खाली उतरून दिसला. यालाच एलियासिंग म्हणतात.

नंतर सॉफ्टवेअरमध्ये कितीही फिल्टर लावा, खरा सूर कोणता आणि खोटा कोणता हे कळत नाही. फिल्टर नमुने घेण्याआधीच हवा.

त्यामुळे अनोखं काही दिसलं, तर आधी नमुन्यांचा दर बदलून बघा. खरा सूर जागचा हलत नाही, खोटा सरकतो. मी तेवढं केलं असतं, तर दोन आठवडे वाचले असते.