रंगवलेली बॉडी कापताना घाई नको
रिमोटवरील मोटारीची पारदर्शक पॉलिकार्बोनेटची बॉडी आतून रंगवली जाते. त्यामुळे धडकेत ओरखडे प्लॅस्टिकवर उमटतात, रंग शाबूत राहतो. बसवण्याच्या भोकांच्या खुणा रंगवण्यापूर्वीच, बॉडी चासीवर ठेवून, कराव्यात. रंगानंतर आतले दिसत नाही. रंग पूर्ण वाळल्यावर सरळ कडेवर पात्याने हलकी रेघ ओढून प्लॅस्टिक वाकवावे, ते रेघेवरच सुटते. चाकांच्या कमानींसाठी वक्र कात्री घ्यावी. कडेला राहिलेल्या बारीक खाचेतूनच तडा पसरतो, म्हणून कडा पॉलिश पेपरने घासाव्यात. भोके आधी लहानच पाडावीत. शेवटी चाके पूर्ण वळवून, स्प्रिंग दाबून पाहावे. बुऱ्हाणपूरसारख्या शहरात दुसरी बॉडी बहुधा बाहेरूनच मागवावी लागते. कमी कापलेले पुन्हा कापता येते, जास्त कापलेले भरून येत नाही.