बीपी आहे, मग व्यायाम किती जोराने करायचा?

रक्तदाब वाढल्याचं निदान झालं की व्यायामाबद्दल दोन टोकांचे सल्ले मिळू लागतात. घरचे म्हणतात, "दमायचं नाही, हळूहळू चाला." जिममधला तरुण ट्रेनर म्हणतो, "काका, घाम गाळल्याशिवाय काही होत नाही." दोघांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पण यातला कुठलाही सल्ला जसाच्या तसा पाळला तर नुकसानच होतं. रक्तदाब उतरणं आणि अंगातला दमसास वाढणं या दोन गोष्टी आपण एकच धरतो, तिथे हा गोंधळ सुरू होतो. व्यायामाच्या जोराचा दोन्हींवर सारखा परिणाम होत नाही. रक्तदाब उतरायला मुख्यतः नियमितपणा लागतो. दमसास वाढायला मात्र जोर लावावाच लागतो.

"व्यायाम करताना बीपी वाढतं, म्हणजे तो धोक्याचा"

वाढतं हे खरं आहे. भरभर चालताना हृदय दर मिनिटाला जास्त रक्त ढकलतं, त्यामुळे वरचा आकडा चढतो. जोराच्या व्यायामात तो निरोगी माणसातही १८० ते २०० पर्यंत जातो. त्याच वेळी काम करणाऱ्या स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून खालचा आकडा फारसा हलत नाही. व्यायाम थांबला की काही मिनिटांत वरचा आकडा खाली येतो आणि पुढचे काही तास, काहींच्या बाबतीत जवळपास दिवसभर, व्यायामापूर्वीपेक्षाही कमी राहतो. वाढलेला रक्तदाब असलेल्यांमध्ये ही उतरण साधारण ५ ते ७ अंकांची असते, आणि ती एकाच वेळच्या व्यायामाने मिळते. 'आठवड्यातले बहुतेक दिवस चाला' असं डॉक्टर का सांगतात, ते यावरून लक्षात येईल. आजच्या चालण्याचा परिणाम ओसरायच्या आत उद्याचं चालणं व्हायला हवं.

असं काही आठवडे चाललं की रक्तवाहिन्यांचं अस्तर सुधारतं, त्या अधिक सहज सैलावतात आणि त्यांना आवळून धरणाऱ्या मज्जातंतूंचा ताण कमी होतो. त्यानंतर विश्रांतीच्या वेळचा रक्तदाबही उतरतो. व्यायाम सोडला तर हा फायदा काही आठवड्यांत निघून जातो.

एक सूचना इथेच. फिरून आल्या आल्या मशीनचा पट्टा दंडाला गुंडाळू नका. व्यायाम, चहा किंवा तंबाखू यानंतर किमान अर्धा तास जाऊ द्या. मग पाठ टेकवून पाच मिनिटं शांत बसा आणि नंतर मोजा. घाईत मोजलेल्या आकड्याने घाबरून कितीतरी लोक चालणं बंद करतात, याचं मला फार वाईट वाटतं.

"जितका जोर जास्त, तितकं बीपी कमी"

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम इथे झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रक्तदाबाच्या रुग्णांना १२ आठवडे व्यायाम करायला लावला होता. एका गटाने चार-चार मिनिटांच्या जोराच्या फेऱ्या केल्या, मध्ये सावकाश चालणं. दुसऱ्या गटाने मध्यम गतीचा सलग व्यायाम केला. दिवसभर मोजलेला वरचा रक्तदाब पहिल्या गटात सरासरी १२ अंकांनी उतरला, दुसऱ्यात साडेचार अंकांनी. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजेच दमसासाचं माप, पहिल्या गटात सुमारे १५ टक्क्यांनी वाढली आणि दुसऱ्यात ५ टक्क्यांनी.

एवढं वाचून कोणालाही वाटेल की जोराचाच व्यायाम करावा. पण एका अभ्यासावर भिस्त ठेवता येत नाही. २०२३ मध्ये २७० अभ्यास एकत्र करून काढलेल्या हिशेबात चालणं, धावणं, सायकल अशा व्यायामांनी वरचा रक्तदाब सरासरी साडेचार अंकांनी उतरला, तर जोराच्या तुकड्यांच्या व्यायामाने चारच्या आसपास. म्हणजे रक्तदाबापुरतं पाहिलं तर दोन्ही जवळपास सारखेच. या अभ्यासांत रक्तदाब मुळात ठीक असलेले लोकही होते. ज्यांचा वाढलेला असतो त्यांच्यात उतरण अधिक दिसते. चार-पाच अंक किरकोळ वाटतील. पण गोळ्यांच्या मोठ्या अभ्यासांत वरचा आकडा ५ ने उतरला तेव्हा हृदयविकार, पक्षाघात अशा गंभीर घटना सुमारे १० टक्क्यांनी घटल्या.

मग जोर लावायचाच कशाला? दमसासासाठी. शांत बसलेल्या माणसाला जेवढा प्राणवायू लागतो त्याला एक 'मेट' म्हणतात. कमाल क्षमता एका मेटने जास्त असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका साधारण १३ टक्क्यांनी कमी आढळला आहे. जिना चढताना धाप न लागणं, भाजीची पिशवी घेऊन घरापर्यंत न थांबता येणं, हे या क्षमतेवरच अवलंबून असतं. रमतगमत फिरण्याने ती फारशी वाढत नाही. म्हणून रक्तदाब आटोक्यात असेल आणि दोन-तीन महिने मध्यम व्यायाम सवयीचा झाला असेल, तर आठवड्यातून एक-दोनदा चढ, जिने किंवा भरभर चालण्याच्या फेऱ्या घालाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

"रोज तासभर फिरतो की!"

बागेतल्या ट्रॅकवर पहाटे चारजण गप्पा मारत फिरतात, मध्येच थांबून राजकारणावर बोलतात, मग पुढे निघतात. बसून राहण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. पण हा मध्यम व्यायाम नव्हे. ओळखण्याची खूण सोपी आहे: बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम जोर. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो तीव्र. आरामात गाणं म्हणता येत असेल तर वेग वाढवा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला मध्यम व्यायाम १५० ते ३०० मिनिटं, किंवा तीव्र व्यायाम ७५ ते १५० मिनिटं सांगते. सलग दहा मिनिटं तरी झालीच पाहिजेत, ही जुनी अट २०२० मध्ये काढून टाकली आहे.

घड्याळावरच्या ठोक्यांवर फार विसंबू नका. '२२० वजा वय' हे सूत्र एकेका माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशा गोळ्या चालू असतील तर ठोके मुळातच दाबलेले असतात. सूत्रातला आकडा गाठायला गेलात तर झेपणार नाही एवढा जोर लागेल. अशा गोळ्या घेणाऱ्यांसाठी बोलण्याची खूणच खरी.

"बीपीवाल्यांनी वजनाला हात लावू नये"

या समजाला एक कारण आहे. १९८५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी कसलेल्या शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून अतिशय जड वजन पायांनी ढकलताना रक्तदाब मोजला. सरासरी ३२०/२५० भरला. जवळजवळ न पेलणारं वजन आणि श्वास कोंडून लावलेला जोर, या दोन्हींमुळे तो एवढा चढला. हलकं किंवा मध्यम वजन, जोर लावताना श्वास सोडणं आणि स्नायू पार थकायच्या आत थांबणं, असं केलं तर वजनाच्या व्यायामानेही रक्तदाब थोडा उतरतो.

सर्वांत आश्चर्याची गोष्ट म्हणजे २०२३ च्या त्याच हिशेबात स्थिर व्यायाम पहिला आला: वरचा आकडा सरासरी ८ अंकांनी कमी. भिंतीला पाठ लावून, अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखं दोन मिनिटं थांबायचं, दोन मिनिटं विश्रांती, असं चार वेळा, आठवड्यातून तीनदा. गुडघे दुखत असतील तर कमी वाका. श्वास मात्र अजिबात कोंडू नका. हे अभ्यास लहान आहेत, म्हणून चालणं सोडून फक्त हेच करावं असं मी सांगणार नाही.

"आठवडाभर वेळ नाही, रविवारी गड चढतो"

माझ्या मते सर्वांत धोक्याचा समज हाच. आतकरवाडीतून सिंहगड चढायचा म्हणजे पाचशे मीटरहून अधिक उभी चढण. सोमवार ते शनिवार खुर्चीत बसलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाने मित्रांच्या बरोबरीने ती एका दमात चढणं म्हणजे हृदयावर अचानक ओझं टाकणं आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जोराच्या श्रमानंतरच्या तासाभरात हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका, एरवी हालचाल न करणाऱ्यांमध्ये शंभर पटींहून अधिक वाढलेला आढळला. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांमध्ये तो जेमतेम अडीच पट होता. गड तोच, चढण तीच. फरक आधीच्या सहा दिवसांचा.

वरचा रक्तदाब १६० च्या वर असेल तर तो आटोक्यात येईपर्यंत जोराचा व्यायाम नको. छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, भोवळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काहीही झालं तर जागीच थांबा आणि दवाखाना गाठा. व्यायाम संपवताना एकदम थांबू नका, पाच मिनिटं सावकाश चाला. काही गोळ्यांमुळे पायांत रक्त साठून चक्कर येऊ शकते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर वैशाख वणव्यात पहाटेच बाहेर पडा.

व्यायामाने आकडे सुधारले म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. महिनाभराचे आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. डोस कमी करायचा की नाही, ते त्यांना ठरवू द्या.