हातचा न येणारा गुणाकार

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या उलटी वाचली तरी तीच राहते. ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी दिलेल्या स्थानांच्या नावांत तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी येतो; त्यापुढे फक्त परार्ध उरतो. एकावर एक असे नऊ एक लिहून होणाऱ्या १११११११११ चा हा वर्ग. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ मास्तरकी केलेल्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी अशा संख्यांना ‘डेमलो’ म्हटले. ज्या रेल्वे स्टेशनावर ही कल्पना सुचली, त्याचेच हे नाव. १९३८ साली त्यांनी त्यांवर लेखही छापला.

गुणाकार चौकोनी वहीत मांडावा. नऊ एकांची ओळ नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून लिहायची. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच एक येतो, दुसऱ्यात दोन, असे चढत मधल्या रकान्यात नऊ. तिथून पुन्हा उतार. कुठल्याच रकान्याची बेरीज नवाच्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही. सारी गंमत इथेच आहे. वहीत एकूण ८१ एक मांडले जातात आणि हातचा नसल्यामुळे त्यांतला एकही हरवत नाही. उत्तराच्या अंकांची बेरीजही ८१ च भरते.

या ८१ ने त्या वर्गाला नि:शेष भागही जातो, कारण १११११११११ ला ९ ने भाग जातो. अंकांच्या बेरजेने भागली जाणारी संख्या ती ‘हर्षद’. हे नावही कापरेकरांचेच. एक ते नऊ एकांच्या वर्गांत हा मान तिघांनाच मिळतो : १, १२३२१ आणि ही ८१ वाली.

अवयव पाडणे मात्र कष्टाचे. १११११११११ म्हणजे १११ गुणिले १००१००१. त्यातून ३, ३, ३७ आणि ३३३६६७ निघतात. शेवटची मूळ संख्या आहे, हे सरळ पद्धतीने पटवायचे तर ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. मग वर्गाचे एकूण विभाजक ४५ येतात.

हे ४५ विभाजक खरे त्या संख्येचे. उलटसुलट सारखेपणा आणि हर्षदपणा ही दशमान लेखनाची देणगी. पाया बदलला की दोन्हींची खात्री उरत नाही. कापरेकरांच्या हयातीत बऱ्याच विद्वानांनी असल्या शोधांकडे खेळ म्हणून पाहिले. त्यात तथ्य आहे, पण हातच्याचा स्वभाव इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल.

दहावा एक जोडताच मधल्या रकान्यात दहा होतात आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. हातचा दोनदा येतो आणि दर वेळी बेरजेतले नऊ गिळतो, त्यामुळे शंभर एकांचे ८२ उरतात. संख्या विषम आहे, तेव्हा तिला ८२ ने भागही जात नाही.