थरथर कुणाच्या तालावर?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये जुनी प्रीमियर पद्मिनी उभी होती. रंग नवा, बंपर चकचकीत आणि इंजिन नुकतंच उतरवून पुन्हा बांधलेलं. गाडीचे मालक निवृत्त शिक्षक, गाडी त्यांच्या वडिलांची. सिलिंडर रिबोअर झाले होते, पिस्टन नवे होते, क्रँकशाफ्ट ग्राइंड करून घेतला होता, क्लचची प्रेशर प्लेटही नवी होती. एवढा खर्च होऊनही गाडी साठच्या वेगाला पोचली की स्टीअरिंग, सीट आणि आरसा थरथरायला लागत. आरशात मागची गाडी धूसर दिसे. साताऱ्यापर्यंत जाऊन आल्यावर सरांच्या बोटांना बराच वेळ मुंग्या येत राहत.

गॅरेजचे मिस्त्री साठीच्या पुढचे. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी चालू इंजिनावर हात ठेवला आणि मान हलवली. “सर, इंजिन झकास चाललंय की. मला तर काहीच लागंना हाताला.” शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ पोराने त्याच जागी तळहात टेकवला आणि गोंधळून मामांकडे बघितलं. “मामा, बदाबदा हलतंय की हे!”

गाडीचा तपास त्या दिवशीच सुरू झाला. मामांच्या हाताचा तपास सुरू व्हायला आणखी काही आठवडे गेले. दोन्ही तपासांची रीत मात्र एकच निघाली.

गाडीची ‘हिस्टरी’

पद्मिनी म्हणजे मूळची इटालियन फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. १०८९ घनसेंटिमीटरचं, ओळीने चार सिलिंडर असलेलं साधं इंजिन. मुंबईत काळीपिवळी टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३ मधली. वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. आता उरलेल्या गाड्या हौशी मंडळींकडे आहेत आणि त्यांचे सुटे भाग मिळतील तिथून आणले जातात. एका इंजिनात जुनं फ्लायव्हील, दुसरीकडची प्रेशर प्लेट आणि तिसरीकडचे पिस्टन एकत्र येतात. प्रत्येक भाग एकेकटा चांगला असतो. एकत्र फिरताना ते एकमेकांशी जुळतीलच, याची खात्री नसते.

रोग्याला विचारतात तेच प्रश्न इथेही विचारावे लागतात. कधीपासून? इंजिनाचं काम झाल्यापासून. कधी वाढतं? साठच्या आसपास. कशाने कमी होतं? हे मात्र कुणी तपासलंच नव्हतं. आधीच्या एका गॅरेजने चारही चाकांचं बॅलन्सिंग करून दिलं होतं, दुसऱ्याने टायर बदलायला सांगितलं होतं. दुखतं तिथे मलम लावण्याचाच हा प्रकार.

थरथरणारी प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी तालावर थरथरते. चाकाचा दोष चाकाच्या फेऱ्यांबरोबर धावतो, इंजिनाचा दोष इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर. म्हणून पहिली चाचणी अगदी साधी होती. गाडी मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगाला नेली, क्लच दाबला आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला. चाके त्याच वेगाने धावत राहिली, इंजिन मात्र मंदावलं. थरथर लगेच थांबली. पुढे गॅरेजमध्ये गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस केली, तेव्हा एका ठराविक फेऱ्यांना ती पुन्हा हजर झाली. या दोन चाचण्यांनी चाके, टायर आणि मागच्या चाकांपर्यंत जाणारा प्रॉपेलर शाफ्ट संशयातून सुटले. नवे टायर घेण्याचा खर्च वाचला, तो वेगळाच.

आकडे काय सांगतात

थरथर सर्वांत जास्त होती तेव्हा इंजिन मिनिटाला सुमारे २४०० फेरे घेत होतं, म्हणजे सेकंदाला ४०. चार सिलिंडरच्या अशा इंजिनात तीन ताल ओळखायचे असतात. एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल, ज्याला गॅरेजवाले ‘मिसिंग’ म्हणतात, तर त्याची पाळी दर दोन फेऱ्यांनी एकदा येते. म्हणजे सेकंदाला २० झटके. फिरणारा एखादा भाग एका बाजूला जड असेल, तर प्रत्येक फेऱ्याला एक हादरा, सेकंदाला ४०. तिसरा ताल दुप्पट वेगाचा, सेकंदाला ८०. तो या प्रकारच्या इंजिनाचा जन्मजात स्वभावच आहे.

मोबाइलमध्ये हालचाल मोजणारा सेन्सर असतो. पोराने त्यावर चालणारं कंपन मोजण्याचं अ‍ॅप उघडून फोन गाडीच्या बॉडीवर चिकटपट्टीने बसवला. आलेखात सगळ्यांत उंच टोक ४० वर आलं. शहानिशा म्हणून मामांनी इन्सुलेटेड पकडीने प्लगच्या वायर एकेक करून सोडवून पाहिल्या. प्रत्येक वेळी इंजिन सारखंच अडखळलं, म्हणजे चारही सिलिंडर काम करत होते. (या वायरमध्ये हजारो व्होल्ट असतात. हा प्रयोग घरी करू नये.) पंख्याचा पट्टा काढून इंजिन अगदी थोडा वेळ चालवलं. फरक पडला नाही, म्हणून पंखा, वॉटर पंप आणि डायनॅमो सुटले. उभ्या गाडीत क्लच दाबून पाहिला, तरी फरक नाही. त्यामुळे क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सही सुटले. संशय उरला तो क्रँकशाफ्ट, फ्लायव्हील आणि त्याला बोल्टने जोडलेली नवी प्रेशर प्लेट यांच्यावर.

गिअरबॉक्स उतरवला. फ्लायव्हीलची बैठक स्वच्छ आणि सरळ होती. मग प्रेशर प्लेट तिच्या जागेवरून थोडी फिरवून पुन्हा बसवली आणि इंजिन चालू केलं. थरथर आणखी वाढली. सरांचा चेहरा पडला, पण मामा खूश झाले. प्लेटची जागा बदलल्याबरोबर थरथर बदलते, याचा अर्थ जडपणाचा मोठा वाटा त्या प्लेटचाच.

बॅलन्सिंग यंत्रावर फ्लायव्हील आणि प्लेट चढवल्यावर एका कडेला साधारण दहा ग्रॅमचा फरक निघाला. दहा ग्रॅम म्हणजे दोन चमचे साखर. पण तो फरक अक्षापासून १२ सेंटिमीटरवर असेल आणि सेकंदाला ४० फेरे होत असतील, तर बाहेर ओढणारं बल जवळजवळ पावणेआठ किलो वजनाइतकं होतं. ते प्रत्येक फेऱ्याला दिशा बदलत इंजिनाला हिसके देतं. वेग दुप्पट झाला की बल चौपट होतं. जड बाजूला बारीक भोकं पाडून धातू कमी केला, दोन्ही भागांवर जुळणीच्या खुणा ठोकल्या आणि सगळं परत बसवलं.

आणखी एक गोष्ट सापडली. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं, त्यातलं एक पिळलेल्या अवस्थेतच आवळलं गेलं होतं. पिळलेलं रबर कडक होतं आणि हादरे गिळण्याऐवजी थेट बॉडीला पोचवतं. सगळे बोल्ट सैल करून, इंजिन थोडं चालवून, ते आपल्या जागी स्थिरावल्यावर पुन्हा आवळले. साठच्या वेगाला आरसा स्थिर राहिला.

जास्त वेगात एक बारीक गुणगुण मात्र उरली. हाच तो दुप्पट वेगाचा ताल. क्रँकशाफ्टच्या रचनेमुळे पिस्टन फेऱ्याच्या वरच्या अर्ध्या भागात जास्त वेगाने आणि खालच्या भागात कमी वेगाने हलतो. त्यामुळे दोन पिस्टन वर आणि दोन खाली जात असले, तरी त्यांचे धक्के एकमेकांना पुरते रद्द करत नाहीत. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच यावर उपाय शोधला होता : क्रँकच्या दुप्पट वेगाने, एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन वजनदार शाफ्ट. पद्मिनीत ते नाहीत. काय दुरुस्त करायचं आणि काय स्वभाव म्हणून स्वीकारायचं, हे ओळखणं हाही निदानाचाच भाग आहे.

शरीर कसं थरथरतं

शरीरालाही स्वतःचे ताल आहेत. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सर्वाधिक साथ देतं. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असताना एक सिलिंडर बंद असेल, तर झटके सेकंदाला साडेसहा ते सात येतात, बरोबर याच पट्ट्यात. म्हणूनच मिसिंग करणाऱ्या गाडीत पोट ढवळल्यासारखं वाटतं. वर्षानुवर्षे ट्रॅक्टर, डंपर किंवा जुन्या बस चालवणाऱ्यांत कंबरदुखी जास्त आढळते, त्यामागे अशा हादऱ्यांचाही वाटा असतो.

हातांची गोष्ट वेगळी. कातडीखाली पॅसिनियन नावाचे सूक्ष्म संवेदक असतात. केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही लहान थरथर ते टिपू शकतात. हादरे थोडा वेळ लागले तर हे संवेदक आणि नसा तात्पुरत्या थकतात. सरांच्या बोटांना येणाऱ्या मुंग्या याच होत्या. गाडी दुरुस्त झाली आणि त्या बंद झाल्या. पण हादरे रोज, तासन्‌तास आणि वर्षानुवर्षे लागले, तर नसा आणि रक्तवाहिन्या कायमच्या बिघडतात. १९१८ मध्ये डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणकामगारांचा अभ्यास केला होता. हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरणाऱ्या त्या कामगारांची बोटे थंडीत पांढरीफटक आणि बधिर होत. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात बोटे पांढरी पडलेली क्वचितच दिसतात. मुंग्या, बधिरपणा आणि पकड सैल होणं हीच लक्षणं पुढे येतात. त्यामुळे हा आजार सहज नजरेतून सुटतो.

मामांचंही तसंच झालं होतं. शर्टाची बटणं लावायला वेळ लागे, बारीक नट हातातून निसटे. “वय झालं,” असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं. पद्मिनीच्या प्रसंगानंतर सरांनीच आग्रह करून त्यांना सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत नेलं.

तिथे सेकंदाला १२८ कंपनं देणारा ट्यूनिंग फोर्क वाजवून आधी पायाच्या अंगठ्यावर टेकवला. थरथर नीट कळली. मग हाताच्या बोटांवर टेकवला. दोन्ही हातांच्या बोटांना जवळजवळ काहीच कळलं नाही. मधुमेहात नसांना होणारी इजा बहुधा पायांपासून सुरू होते. पाय ठीक आणि हात बधिर असतील तर शोध हातांकडे वळतो, जशी उभी गाडी थरथरली की संशय चाकांवरून उठतो. साखर आणि बी-१२ तपासलं, दोन्ही ठीक होतं. मनगटात नस दबली असती तर करंगळी बहुधा वाचली असती. इथे पाचही बोटे सारखीच होती. मानेच्या तपासणीतही काही निघालं नाही. शेवटी उरला कामाचा इतिहास : तीस वर्षांहून अधिक काळ हातातला ग्राइंडर आणि इम्पॅक्ट रेंच.

काय करता येईल

हातांना बसणाऱ्या हादऱ्यांची तीव्रता मोजता येते. युरोपीय संघाच्या नियमांत आठ तासांच्या दिवसासाठी सरासरी २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही सावधगिरीची पातळी आणि ५ ही कमाल मर्यादा आहे. हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तीव्रता दुप्पट झाली की सुरक्षित वेळ पाव होते. ५ इतके हादरे देणारं यंत्र दोन तासांतच सावधगिरीची पातळी गाठतं, १० देणारं अर्ध्या तासात.

म्हणून पहिला उपाय मूळ ठिकाणी : झिजलेली किंवा कडा उडालेली ग्राइंडिंग चाकं बदलणं, यंत्राची बेअरिंग वेळेवर तपासणं. दुसरा उपाय वेळेचा : काम दोघातिघांत वाटून घेणं, मध्ये विश्रांती घेणं. यंत्र गरजेपेक्षा घट्ट आवळून धरू नये. तंबाखू, सिगारेट सोडावी, कारण निकोटिन बोटांच्या रक्तवाहिन्या आणखी आवळतं. साध्या हातमोज्यांनी कापण्याखरचटण्यापासून बचाव होतो, कमी वेगाचे हादरे ते फारसे रोखत नाहीत. काम संपल्यावर वीस मिनिटांहून जास्त वेळ मुंग्या राहत असतील, रात्री झोपेतून उठवत असतील किंवा वस्तू हातातून निसटत असतील, तर डॉक्टरांना दाखवावं आणि आपण कोणतं काम किती वर्षे करतो, हे न विचारता सांगावं.

गेलेली संवेदना सगळी परत येत नाही. मामांना तसं स्पष्ट सांगण्यात आलं. ग्राइंडरचं काम आता गॅरेजमधल्या तिघांत तासांनुसार वाटलेलं आहे. चालू इंजिनावर हात ठेवण्याची वेळ आली की मामा पोराला हाक मारतात. तो हात टेकवतो आणि काय लागलं ते सांगतो. मामा कान देऊन ऐकतात आणि पुढचा बोल्ट कुठला खोलायचा ते ठरवतात.