निमुळता कॅट

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात पत्ते बाहेर निघतात. जळगाव-धुळ्याकडे एरवी पत्त्यांना नाक मुरडणारी घरंही त्या दिवशी डाव मांडू देतात. हातचलाखी अजिबात न येणाऱ्यालाही याच पत्त्यांची जादू करता येते. त्यात काम बोटांचं नाही, कटरचं आहे.

कागदी पत्त्यांचा नवा कॅट घ्या. पाठीवरचं चित्र सुलट-उलट सारखंच दिसणारं हवं. स्टीलची पट्टी ठेवून प्रत्येक पत्त्याच्या लांब कडा अशा कापा, की एक टोक दुसऱ्यापेक्षा जेमतेम 1 मिलिमीटरने अरुंद होईल. कात्री नको, कड लहरते. टोचरे झालेले कोपरे नेलकटरने गोल करा. कंटाळवाणं काम आहे, पण सगळी जादू इथेच.

आता अरुंद टोकं एका बाजूला लावा. समोरच्याने पत्ता काढला, की तो पत्ता बघण्यात गुंतलेला असताना कॅट हळूच फिरवा. परत ठेवलेला पत्ता उलटा बसतो. मग कितीही पिसा, त्याचं रुंद टोक दोन्ही कडांना किंचित बाहेर राहतं. चिमटीत धरून ओढलं की तोच येतो.

ही युक्ती मुळात लबाड जुगाऱ्यांची. फ्रेंच जादूगार रोबेर-उदँ यांनी 1861 साली अशा जुगाऱ्यांच्या क्लृप्त्यांवर पुस्तकच लिहिलं. त्यामुळे पैशांच्या डावात हा कॅट चुकूनही मिसळू नये. आणि पिसायला शक्यतो दुसऱ्याला देऊ नये: कुणी अर्धी गड्डी फिरवून मिसळली, तर तुमचा पत्ता तुम्हालाही सापडणार नाही.